रक्ताचा आजार आणि रक्ताचे नाते

(आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात महिला मंडळाच्या सभेत एका निवृत्त परिचारिका भगिनीने दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



मंडळाने मला आज रक्ताच्या कर्करोगावरील जनुकीय संशोधन असा भारदस्त विषय दिला आहे. प्रथमच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही आणि संशोधक तर नाहीच नाही. १९७२ साली मुंबईत मी परिचर्येची पदविका घेतली, सहा वर्षे तेथेच नोकरी केली, १९७८ साली अलिया करून या देशात आले, हिब्रूत पुन्हा परीक्षा दिली आणि निवृत्त होईपर्यंत रुग्णांच्या खाटेशेजारी उभी राहिले. तेव्हा या विषयाचे जे रूप खाटेशेजारून दिसते, तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे. मात्र त्यात एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरची आहे. ती सांगण्यास मला सत्तेचाळीस वर्षे लागली.

रक्त ही आपल्या घरांत नेहमीच जपून हाताळण्याची वस्तू राहिली आहे. आपल्या आया मटण आणले की आधी पाण्यात भिजवीत, मग मीठ लावून निथळत ठेवीत आणि पुन्हा धुऊन घेत. आम्ही मुली विचारीत असू, एवढा खटाटोप कशासाठी? आई म्हणे, रक्तात जीव असतो, तो आपण खायचा नसतो. हे संस्कार इतके खोल गेले होते, की आजार पायात झाला, पोटात झाला तर तो आजार. पण रक्तात झाला म्हणजे जिवालाच कीड लागली, कुळातच काही दोष आहे, असे लोकांना वाटे. आजही वाटते. याच समजुतीबद्दल मला आज बोलायचे आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणत असू. १९७४ च्या पावसाळ्यात ती माहेरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. रात्री घामाने उशी भिजे, अन्न जाईना आणि डाव्या बरगडीखाली सतत काही जड असल्यासारखे वाटे. मी नवीनच परिचारिका होते. तिच्या पोटावर हात ठेवला आणि मनात चर्र झाले. प्लीहा वाढून बेंबीपर्यंत आली होती. रक्त तपासले. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात. अक्काच्या रक्तात त्या दोन लाखांवर गेल्या होत्या. डॉक्टरांनी निदान केले, दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया. अक्का एकतीस वर्षांची होती आणि तिची मुलगी चार वर्षांची.

त्या काळी ब्युसल्फान नावाच्या गोळ्या देत. त्यांनी पेशींची संख्या खाली येई, माणूस उठून कामाला लागे, घरचे म्हणत, बरी झाली. आईने एलियाहू हन्नाबीचा नवस बोलला आणि मलिदा केला. पोहे, खोबरे, साखर, फळे यांनी भरलेले ताट अक्काने स्वतःच्या हाताने सजवले होते, ते मला अजून दिसते. परंतु त्या गोळ्या केवळ पेशींची गर्दी कमी करीत, गर्दीचे मूळ त्यांना सापडत नसे. तीन ते सहा वर्षांत हा आजार उग्र रूप धारण करी. अक्काच्या बाबतीत तीनच वर्षांत तसे झाले. १९७७ च्या हिवाळ्यात ती गेली.

आम्ही शोकाचे सात दिवस जमिनीवर बसलो होतो. भेटीला आलेल्या एका बाईंनी विचारले, काय झाले होते हो? घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, धाकट्या भावाचे ठरत आले होते. आईने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, कावीळ पोटात उतरली. मी परिचारिका असल्यामुळे कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. ते असत्य मग आमच्या घरात सत्य होऊन बसले आणि अक्काच्या मुलीलाही तेच सांगण्यात आले.

आता विज्ञानाकडे वळते. कारण ज्या प्रश्नाच्या भीतीने मी खोटे बोलले, त्याच्या उत्तराचा मोठा भाग त्या दिवसाच्या चार वर्षे आधीच छापून आलेला होता. आमच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत तो पोचला नव्हता, एवढेच.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात शेहेचाळीस गुणसूत्रे असतात. त्यांच्या तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक वडिलांकडून. हा शेहेचाळीसचा आकडा नक्की ठरला १९५६ साली, म्हणजे मी सहा वर्षांची असताना. गुणसूत्रांवर जनुके असतात, आणि जनुक म्हणजे पेशीने काय करावे याची लिहिलेली आज्ञा. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड हे दोघे ल्युकेमियाच्या पेशी पाहत होते. नोवेल यांनी काचपट्ट्या साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. त्या पाण्याने पेशी फुगल्या, आतील गुणसूत्रे सुटी पसरली आणि मोजता येऊ लागली. अक्काला होता त्याच आजाराच्या रुग्णांच्या पेशींत त्यांना एक गुणसूत्र फारच आखूड दिसले. त्याला त्या शहराचे नाव मिळाले, फिलाडेल्फिया गुणसूत्र. कर्करोग आणि गुणसूत्रातील ठरावीक बदल यांचा संबंध प्रथमच असा डोळ्यांना दिसला.

पण तुटलेला तुकडा गेला कोठे? त्याचे उत्तर शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी शोधले. त्या चार मुलांची आई होत्या आणि अनेक वर्षे त्यांनी अर्धवेळ काम केले होते. गुणसूत्रांची छायाचित्रे घरी आणून जेवणाच्या टेबलावर त्या कात्रीने कापीत आणि जोड्या लावीत. मुले थट्टा करीत, आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते! त्या टेबलावर त्यांना दिसले की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो नवव्याला जाऊन चिकटला आहे. नवव्याचे टोक बाविसाव्याकडे आले आहे, असे पुढे दिसून आले. जणू दोन पोथ्यांची शेवटची पाने सुटली आणि बांधणाऱ्याने ती चुकून एकमेकींत बांधली. हे १९७३ साली प्रसिद्ध झाले.

पुढचे पाऊल आपल्या या देशात पडले, हे आपल्या मुलांना अवश्य सांगा. नवव्या गुणसूत्रावर एबीएल नावाचे जनुक आहे, बाविसाव्यावर बीसीआर नावाचा भाग. १९८५ साली रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील एली कनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या पेशींत दोन्ही जनुके एकत्र वाचली जातात आणि त्यांतून एक जोड-संदेश तयार होतो. त्या संदेशातून जोड-प्रथिन बनते. एबीएलचे प्रथिन हे एरवी नळासारखे आहे. पेशीला वाढायचे असेल तेव्हा उघडते, काम झाले की बंद होते. जोडणी झाली की त्या नळाची चावीच निघून जाते. तो अहोरात्र वाहत राहतो, आणि पांढऱ्या पेशींचा पूर येतो. ब्युसल्फान म्हणजे घरात शिरलेले पाणी बादलीने उपसणे होते. नळाला हात कोणी लावला नव्हता.

नळाला बसेल असे बूच करता येईल काय? असे पदार्थ घडवता येतात हे दाखवणाऱ्यांत जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील अलेक्झांडर लेवित्झ्की हे अग्रभागी होते. त्यांचे त्या दिशेचे काम १९८० च्या दशकातले. पुढे एका औषध कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटाने इमॅटिनिब तयार केले, आणि ऑरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी ते १९९८ पासून रुग्णांना दिले. इतर उपचारांनी गुण न आलेल्या ज्या चोपन्न रुग्णांना पुरेशी मात्रा मिळाली, त्यांपैकी त्रेपन्न जणांचे रक्त पूर्ववत झाले. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे पाच वर्षे ज्यांच्यावर लक्ष ठेवले, त्यांतील सुमारे नव्वद टक्के रुग्ण हयात होते. ज्यांना पूर्वी आम्ही तीन-चार वर्षांचे पाहुणे समजत असू, ते नातवंडांना शाळेत पोचवू लागले.

भारतातील नातलगांसाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या औषधाच्या पेटंटचा खटला भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी ते पेटंट नाकारण्यात आले. त्यामुळे मूळ कंपनीचे जे औषध महिन्याला लाखाच्या वर पडे, तेच तेथील कंपन्या काही हजार रुपयांत देत राहिल्या. इथे आपल्याला ते कुपत होलीममार्फत मिळते.

आता तो प्रश्न, ज्यासाठी मी हे सर्व सांगितले. हा जनुकांचा आजार आहे, मग तो मुलांना जातो का?

जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. घोटाळा तेथेच होतो. दोन गुणसूत्रांची ती अदलाबदल जन्माच्या वेळी नसते. ती मोठेपणी, हाडांच्या मगजातील एका पेशीत घडते. एकाच. ती पेशी वाढते, तिची प्रजा वाढते. पण रुग्णाच्या त्वचेच्या पेशींत ते आखूड गुणसूत्र नसते, आणि बीजात नसते, म्हणून अपत्याकडे जाण्यास त्याला वाट नसते. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला हा आजार झाला आणि दुसऱ्याच्या पेशी तपासल्या, तर त्यांत ते गुणसूत्र आढळलेले नाही. जुळ्यांचे जर असे, तर बहिणीच्या आजाराने माझ्या लग्नात काय अडणार होते? अक्काच्या मुलीत तरी काय उतरणार होते?

लहान मुलांच्या ल्युकेमियाने या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. कधी कधी एकसारख्या जुळ्यांपैकी दोघांनाही तो होतो. आता तरी आनुवंशिक म्हणावे की नाही? लंडनचे मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याचा छडा लावला. अशा दोन्ही मुलांच्या रोगी पेशींत जनुकांचा सांधा अगदी एकाच जागी, अक्षरा-अक्षराने तंतोतंत जुळणारा निघाला. असा सांधा दोघांत स्वतंत्रपणे जुळणे शक्य नव्हते. म्हणजे तो एका बाळात गर्भातच घडला आणि दोघांची वार एक असल्याने रक्तातून दुसऱ्याकडे गेला. आईबापांच्या रक्तात त्याचा मागमूसही नव्हता.

या शोधाचा पुरावा कशात सापडला ठाऊक आहे? नवजात बाळाच्या टाचेला सुई टोचून आपण कागदावर रक्ताचे ठिपके घेतो ना, त्या जपून ठेवलेल्या कागदांत. जी मुले पुढे आजारी पडली, त्यांच्या जन्माच्या वेळच्या ठिपक्यांत तो सांधा आधीच होता. प्रसूती विभागात मी असे किती कागद भरले असतील! बाळ रडे, आई माझ्याकडे रागाने पाही, आणि मी ठिपका सुकण्याची वाट पाहत उभी असे. ते वाचून माझी ती सगळी वर्षे मला एकदम नव्या प्रकाशात दिसली. यातही धीर देणारी एक गोष्ट आहे. असा सांधा घेऊन जन्मलेली बहुतेक बाळे कधीच आजारी पडत नाहीत. पुढे आणखी एखादा बदल घडावा लागतो, तेव्हाच आजार होतो.

प्रामाणिकपणे अपवादही सांगायला हवेत, नाहीतर मी दुसऱ्यांदा अर्धसत्य बोलल्यासारखे होईल. काही थोड्या कुटुंबांत रक्ताच्या कर्करोगाकडे झुकणारा जनुकदोष खरोखरच पिढीजात चालतो. आरयूएनएक्स-१ नावाच्या जनुकातील दोष हे त्याचे एक उदाहरण. फॅन्कोनी ॲनिमिया हे दुसरे. उतारवयात होणाऱ्या दीर्घकालीन लिम्फॉइड ल्युकेमियात जवळच्या नातलगांना इतरांपेक्षा धोका अधिक असतो. परंतु नीट पाहा, या अपवादांनी लपवणे योग्य ठरत नाही, उलट ते घातक ठरते. भावाच्या हाडांतील मगज बहिणीला द्यायचा असेल आणि तोच दोष भावातही असेल, तर आजच्या जनुकीय तपासणीने तो आधी ओळखता येतो. त्यासाठी डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला की खरा सांगावा लागतो. आजोबा कशाने गेले, आत्या कशाने गेली, हे घरातल्या माणसांना माहीत असावे लागते.

लसिका ग्रंथींच्या कर्करोगाविषयीही दोन शब्द बोलते. त्यातील एका प्रकाराला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. थॉमस हॉजकिन इंग्लंडचे. १८३२ साली त्यांनी गळ्यातील आणि काखेतील गाठींच्या या रोगाचे वर्णन केले. ते सर मोझेस मॉन्टेफिओरी यांचे स्नेही व प्रवासातील सोबती होते. १८६६ साली त्यांच्याबरोबर या भूमीत आले असता आजारी पडून याफो येथे वारले, आणि याफोतच त्यांची कबर आहे. त्यांच्या काळी गाठी पाहण्यापलीकडे हाती काही नव्हते. आज त्या गाठीतील पेशींची जनुके वाचली जातात. एका प्रकारच्या लिम्फोमात चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि बीसीएल-२ नावाचे जनुक अतोनात काम करू लागते. त्या जनुकाचे काम म्हणजे पेशीला मरू न देणे. त्याचा अभ्यास करता करता त्याला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध निघाले. ते आज सर्वाधिक उपयोगी पडते ते ल्युकेमियात. म्हणून रुग्णाला विचारा, तुमच्या रिपोर्टवर कोणता बदल लिहिला आहे? कर्करोग कोणत्या अवयवाचा, एवढे कळून आता भागत नाही.

याच वाइझमन संस्थेतील झेलिग एश्हार यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी आणखी एक मार्ग दाखवला. रुग्णाच्याच रक्षक पेशींत जनुक घालून त्यांना शत्रू ओळखायला शिकवायचे. त्यावर पुढे अनेक देशांत काम झाले आणि २०१७ साली अमेरिकेत लहान मुलांच्या ल्युकेमियासाठी त्या उपचाराला मान्यता मिळाली. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या अशाच उपचाराला २०२३ साली भारतात परवानगी मिळाली. ज्या मुंबईत माझ्या अक्काला देण्यासाठी आमच्याजवळ केवळ गोळ्या होत्या, त्याच मुंबईत हे घडले, याचा मला फार आनंद वाटतो.

आता मी आपणांकडून काही मागणार आहे.

रक्ताचा आजार आपण सहसा वारशाने घेत नाही, हे मी सांगितले. पण त्यावरचा एक उपाय मात्र आपण वारशानेच घेऊन आलो आहोत. औषधांनी जेथे भागत नाही, तेथे दुसऱ्याच्या मूळपेशी द्याव्या लागतात. त्या जुळतात की नाही हे सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए नावाच्या जनुकांवरून ठरते. यातील अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. आपल्या आजीच्या घरी सात-आठ भावंडे असत, एखादे तरी जुळले असते. आज घरोघरी दोन-तीन मुले आहेत. अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपणे होतात, तरी पूर्ण जुळणारा दाता मिळाला तर वैद्य त्यालाच प्रथम पसंती देतात.

भावंड जुळले नाही तर शोध नोंदवहीत घ्यायचा. जगभरच्या नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक दात्यांची नावे आहेत. आपल्या देशात पेताह तिकवा येथील एझेर मिझिओनच्या नोंदवहीतच दहा लाखांहून अधिक आहेत. आपण म्हणाल, मग चिंता कसली? चिंता अशी, की एचएलएचे संच समाजासमाजांतून चालत येतात. पोलंडहून आलेल्यांचे संच वेगळे, येमेनहून आलेल्यांचे वेगळे. आपण कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात तेल अवीव विद्यापीठाचे संशोधक होते, बेने इस्राएलांच्या जनुकांत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही पूर्वज स्पष्ट दिसले. आपल्याला ते आजीच्या मलिद्यावरून आणि मराठीवरून आधीच ठाऊक होते! परंतु याचा व्यवहारातील अर्थ असा, की आपल्या मुलाला जुळणारा दाता वॉर्सा किंवा सनाच्या वंशजांत सापडण्यापेक्षा नवगाव, पेण, पनवेल, अलिबागकडील वंशजांत सापडण्याचा संभव अधिक. आणि आपण संख्येने थोडे आहोत. आपल्यापैकी प्रत्येक न नोंदलेले नाव मोठ्या समाजातील नावापेक्षा अधिक महाग पडते.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमच्या विभागात आपल्या समाजातील एक तरुणी दाखल होती. तिचा एकुलता एक भाऊ जुळला नाही. नोंदवहीत शोध चालू होता. ती मला अहोत न म्हणता आंटी म्हणे आणि रोज विचारी, कोणी सापडले का? मी तिला एके दिवशी म्हटले, शोध चालू आहे गं. ती हसून म्हणाली, आंटी, आपली माणसे कोठे बसली आहेत? तिच्यासाठी पूर्ण जुळणारे कोणी मिळाले नाही. मी त्या आठवड्यात घरी येऊन हिशेब केला. आपल्या सणासुदीला या सभागृहात किती तरुण मंडळी जमतात, आणि त्यांतील कितींनी गालाच्या आतून एक कापसाची काडी फिरवून दिली आहे? माझ्या स्वतःच्या मुलांनीसुद्धा दिली नव्हती. मी कधी सांगितलेच नव्हते.

भीती असते ती मणक्यात सुई घालण्याची. तसे काहीच नसते. नोंद करताना फक्त गालातील पेशी घेतात. सैन्यात भरती होतानाही ती नोंद करता येते. प्रत्यक्ष दान करायची वेळ फार थोड्यांवर येते. आली, तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात, त्याने मूळपेशी हाडांतून रक्तात उतरतात, आणि मग दंडातील शिरेतून काही तासांत त्या गोळा करतात. त्या दिवसांत अंग दुखते, हाडे ठणकतात, हे खोटे सांगणार नाही. काही वेळा कमरेच्या हाडातून मगज घेतात, तोही भूल देऊन. मणक्याशी त्याचा संबंध नाही. त्या इंजेक्शनातील पदार्थ ज्या प्रथिनांच्या कुळातला, त्यांचा माग रेहोवोतला लिओ साक्स आणि डोव्ह प्लुझ्निक यांनी १९६० च्या दशकात पेशी काचेच्या बशीत वाढवताना काढला होता. भारतातील भाच्यांना, पुतण्यांनाही सांगा. तेथे दात्री नावाची नोंदवही आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा असे आपले धर्मशास्त्र मानते. इथे तर कापसाची एक काडी मागितली जात आहे.

शेवटी पुन्हा घरी येते. याच सभागृहात प्रार्थनेला येणाऱ्या एका बंधूंनी त्यांचे उदाहरण सांगण्याची मला परवानगी दिली आहे, नाव मात्र सांगणार नाही. २००३ साली त्यांना अक्काचाच आजार झाला. मुलीचे लग्न ठरत होते म्हणून त्यांनी चार महिने कोणाला सांगितले नाही. घाम येई, वजन उतरे, ते म्हणत, उन्हाळा आहे. अखेर एका शुक्रवारी माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना ते सर्व सांगितले जे आज आपल्याला सांगितले. त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना स्वतः जाऊन खरे सांगितले. लग्न झाले. ते आजही रोज गोळी घेतात, आणि नातवाच्या बार मित्स्वाला त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जिलेबी खाल्ली.

आणि अक्काची मुलगी? ती माझ्यामागोमाग या देशात आली, येथेच संसार केला. २०१२ साली तिला एका तपासणीसाठी डॉक्टरांनी विचारले, आई कशाने गेली? तिने सांगितले, काविळीने. डॉक्टरांनी पुढे विचारले, कोणत्या प्रकारची, किती दिवस? तिला काहीच सांगता येईना. ती सरळ माझ्याकडे आली. त्या दिवशी मी खरे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, तू परिचारिका होतीस ना?"

तिला तिच्या आईचा आजार मिळाला नव्हता. तिच्या आईची गोष्ट मात्र मी तिच्यापासून पस्तीस वर्षे हिरावून घेतली होती. आई तीन वर्षे कशी झुंजली, गोळ्या घेऊन तिच्यासाठी स्वयंपाक कशी करी, मलिद्याचे ताट तिने कसे सजवले, हे काविळीच्या कथेत कोठेच बसत नव्हते. आज ती तेथे, खिडकीजवळ बसली आहे. तिच्या संमतीने मी हे बोलले. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही मुलांनी नोंदवहीत नाव घातले. माझ्या मुलांची वये आता त्यासाठी उलटून गेली, पण नातवंडांनी घातले.

तरुण मंडळींना माझी विनंती, घरी जाण्यापूर्वी मला भेटा. नोंद कशी करायची हे मी प्रत्येकाला समजावून सांगेन. आणि वडीलधाऱ्यांना विनंती, आज रात्री घरातील कोणी कशाने गेले हे एका वहीत खरे लिहून ठेवा. मुलांना ते लागेल.

परमेश्वर आपणा सर्वांस आरोग्य देवो. शालोम.